नाला, रस्ता आणि गावंडे मॅडम

गावंडे मॅडम कुणालाही माफ करत नसत, आणि हे त्या लपवतही नसत. कॉलेजसमोरच्या एका भाजीवाल्यानं कधीकाळी त्यांच्या पिशवीत तळाशी नासके टमाटे घातले होते. तेव्हापासून त्या येता-जाता त्याच्याच गाडीशी थांबत, एकेक टमाटा उचलून उजेडात धरत, भाव विचारत आणि मग शेजारच्या गाडीवरून टमाटे घेत. मी एकदा म्हटलं, "मॅडम, जाऊ द्या ना आता. म्हातारा झाला तो." त्या म्हणाल्या, "म्हातारा झाला म्हणून टमाटे ताजे झाले काय?"

मी मूळची अकोल्याची. जीवशास्त्र शिकवायला अमरावतीच्या त्या ज्युनियर कॉलेजात लागले तेव्हा स्टाफरूममध्ये मला त्यांच्या शेजारची खुर्ची मिळाली. एवढ्या गर्दीच्या स्टाफरूममध्ये ती एकच खुर्ची रिकामी कशी, असं मला वाटलं होतं. तिथं आधी भौतिकशास्त्राचे एक सर बसायचे. त्यांनी मॅडमचे रंगीत खडू न विचारता वापरले, वर "खडूच तर आहे" असंही म्हणाले. मॅडमनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. इतकं टाकलं, की सरांनाच ते सहन होईना आणि ते आपणहून खिडकीपाशी जाऊन बसले. मी पहिल्याच दिवशी त्यांचा खडू घेण्याआधी विचारलं. तिथून आमचं जमलं.

अंगानं उंच, वाळलेल्या. कडक इस्त्रीची सुती साडी, पदर कमरेला खोचलेला, आणि उजव्या हाताच्या बोटांवर खडूची पांढरी पूड, जी हात धुतला तरी नखांत राहायची. मिस्टर लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेले होते. मूलबाळ नव्हतं. साईनगरकडे दोन खोल्यांचं घर, एक जुनी स्कूटी आणि बारावीचं गणित, एवढ्यात त्यांचा संसार होता. वर्गात त्या शुद्ध, पुस्तकी मराठीत शिकवायच्या. पण राग आला की भाषा एकदम वऱ्हाडी व्हायची. "हे तुम्हाला समजलं का?" पर्यंत वर्ग निर्धास्त असे. "हे तुले समजलं काय रे?" आलं, की शेवटच्या बाकापर्यंत सगळे ताठ बसत.

त्यांचा आवडता धडा म्हणजे इंटिग्रेशननं दोन वक्रांमधलं क्षेत्रफळ काढणं. माझा तास नसला तर मी व्हरांड्यात उभी राहून ऐकायची. जीवशास्त्राच्या बाईला त्यातलं काय कळणार, पण त्यांचा हात बघण्यासारखा असे. पट्टी नाही, कंपास नाही. एका झटक्यात फळ्यावर एक वक्र, दुसऱ्या झटक्यात दुसरा, आणि दोन्ही बरोबर जिथं भेटायचे तिथंच भेटलेले.

"आधी आकृती," त्या म्हणायच्या. "आकृती न काढता जो इंटिग्रेशनचं चिन्ह लिहील, त्याला मी बाहेर उभं करीन. आधी पाहा, हे दोघं भेटतात कुठं. मग पाहा, वर कोण आहे, खाली कोण आहे. मग वरच्यातून खालचा वजा. जे वर-खाली न पाहता वजाबाकी करतात त्यांचं उत्तर उणे येतं, आणि मग ते पुस्तकाला शिव्या देतात."

याच धड्यावरून त्यांनी एका कोचिंग क्लासचा घेतलेला सूड अमरावतीत बरेच दिवस गाजला.

झालं असं, की आमच्या कॉलेजातली एक मुलगी बारावीला गणितात पैकीच्या पैकी मार्क घेऊन आली. मॅडमची विद्यार्थिनी. आठवड्यात चौकातल्या होर्डिंगवर तिचा फोटो झळकला, एका कोचिंग क्लासच्या नावाखाली. पोरगी त्या क्लासची पायरीसुद्धा चढली नव्हती. तिचे वडील म्हणाले, फोन केला तर ते म्हणतात, तुमचीच जाहिरात होऊन राहिली ना फुकटात! प्राचार्य म्हणाले, पत्र लिहू. मॅडम म्हणाल्या, "पत्र नको. त्यांचं फुकटचं डेमो लेक्चर कधी असतं ते पाहा."

त्या रविवारी मॅडमचा सगळा नवीन वर्ग त्या क्लासच्या थंडगार हॉलमध्ये जाऊन बसला. होर्डिंगवरची मुलगीही मागच्या रांगेत होती, ओढणी डोक्यावरून घेऊन. क्लासचे सर झकपक होते. माईक, रंगीत पेन, दर वाक्याला शॉर्टकट. पोरांपैकी एकानं हात वर करून मॅडमनी दिलेलं गणित विचारलं. एक साधी तिरपी रेषा आणि एक वळसे घेणारा वक्र, दोघं तीन ठिकाणी भेटतात. मधलं क्षेत्रफळ काढून दाखवा. सरांनी आकृती काढली नाही. पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत एकदम इंटिग्रेशन लावलं, झपझप सोडवलं आणि खाली उत्तर लिहिलं : शून्य.

खरी गोष्ट अशी, की मधल्या भेटीनंतर वरचा खाली जातो आणि खालचा वर येतो. तिथं गणिताचे दोन तुकडे करावे लागतात. नाही केले तर एक बाजू दुसरीला खाऊन टाकते. मॅडमनी हे मला तेव्हा वहीच्या पाठपुठ्ठ्यावर काढून दाखवलं होतं, म्हणून मला माहीत.

मागच्या रांगेतली मुलगी उठली. तिनं ओढणी मागे घेतली आणि फार नम्रपणे विचारलं, "सर, क्षेत्रफळ शून्य आहे तर मग त्या दोघांच्या मधे जी जागा दिसते, ती काय आहे?"

आधी कुणीतरी फिसकन हसलं. मग ज्याच्या त्याच्या लक्षात आलं, की प्रश्न विचारणारी पोरगी आणि बाहेरच्या होर्डिंगवरची पोरगी एकच आहे. पुढचं सांगायला नको. होर्डिंग दोनचार दिवसांत उतरलं. मॅडमनी स्टाफरूममध्ये सगळ्यांना आलूबोंडे खाऊ घातले, खिडकीपाशी बसणाऱ्या सरांना सोडून.

हे सगळं मी हसत हसत सांगते आहे, कारण हे हसण्यासारखंच होतं. त्यांच्या भावाचं प्रकरण तसं नव्हतं.

मॅडमचं माहेर वरुड तालुक्यात, शेंदूरजनाघाटच्या अलीकडचं एक खेडं. वडिलांची काळी जमीन, त्यात संत्र्याची बाग. एकच भाऊ, मोठा. त्याला त्या दादा म्हणत. वडील गेल्यावर दादा अमरावतीला आला, संत्र्याची पेटी आणि जरीची साडी घेऊन, आणि हक्कसोडीचा कागद पुढं केला. म्हणजे बहिणीनं वडिलांच्या जमिनीवरचा हक्क सोडला, असं लिहून द्यायचं. मॅडमनी सही करायला नकार दिला. दादा मग महिनाभर गोड बोलत राहिला. शेवटी म्हणाला, "बरं, असं कर. तू बागेतला हक्क सोड, मी तुले रोडटच तुकडा देतो. नाला आन् रोडाच्या मधातला. सातबाऱ्यावर पुरा एकर हाये. उद्या त्याचं सोनं होईन."

"मायची शपथ घे," मॅडम म्हणाल्या होत्या. माय तिथंच बसली होती, खाली मान घालून. दादानं मायच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. माय काही बोलली नाही. मॅडमनी सही केली. गणिताच्या बाईनं जमीन न मोजता सही केली, कारण मोजली असती तर भावावर विश्वास नाही असं झालं असतं.

पुढं दादाच्या मुलाचं लग्न निघालं. मॅडमना एकटीनं जायचं नव्हतं, म्हणून मला सोबत नेलं. गावातल्या मांडवात दुपारच्या पंगतीनंतर पाहुणे पान खात बसले होते. कुणीतरी सहज विचारलं, की सुमनबाईंनी रोडटच तुकडा घेतला म्हणे, फायद्यात राहिल्या! दादा रंगात होता. मोठ्यानं म्हणाला, "कायचा फायदा? अर्धा तं नाल्यानं खाल्ला, राहिलेल्यातला रोडात गेला. बकरी बांधाले जागा नाई तेथ. आमच्या सुमीले कालेजात गणित शिकवता येते, पन बापाची जमीन मोजता नाई आली!"

सगळा मांडव हसला. आचारी हसला, बँडवाले हसले. मी मॅडमकडे पाहिलं. त्यांच्या हातात पानाचा विडा होता. तो त्यांनी तसाच ताटलीत ठेवला, उठल्या, नवरा-नवरीला आहेर नीट दिला, मायच्या पाया पडल्या आणि मला म्हणाल्या, "चल." अमरावतीला एसटीतून उतरताना म्हणाल्या, "रविवारी मोकळी आहेस का?"

त्या रविवारी आम्ही दोघी त्या तुकड्यावर गेलो. सोबत लांब टेप, सुतळीचा गुंडा, बांबूच्या खुंट्या आणि पोळी-भाजीचा डबा. जागा मी पहिल्यांदा पाहत होते. एका पुलियाखालून, म्हणजे रस्त्याच्या लहान पुलाखालून, नाला रस्ता ओलांडून बागेच्या बाजूला येतो, पोटात बाक देऊन वाहतो आणि पुढच्या पुलियाखालून परत पलीकडे जातो. रस्ताही सरळ नाही, दुसऱ्या अंगाला बाकलेला. दोघांच्या मधे अडकलेला, पानासारखा पोटात फुगलेला तो तुकडा म्हणजे मॅडमचा हिस्सा. नाल्यापलीकडे दादाची बाग, हिरवीगार, फळांनी लगडलेली, आणि बागेतच त्याचं घर; पुलियांच्या पुढं दोन्ही अंगांना दुसऱ्यांची शेतं.

मॅडमनी एका पुलियापासून दुसऱ्या पुलियापर्यंत सुतळी ताणली. सुतळीवर सारख्या अंतरानं खुंट्या ठोकल्या. मग प्रत्येक खुंटीपासून काटकोनात इकडं नाल्याचा काठ किती, तिकडं रस्त्याची कड किती, हे टेपनं मोजत गेल्या. मी टेपचं टोक धरलेलं. ऊन चांगलंच तापलं होतं. त्यांच्या साडीला कुसळं लागली, एकदा पाय नाल्याच्या भुसभुशीत काठावरून घसरला. थांबल्या नाहीत.

दादा बागेतून मोटारसायकलवर आला. गाडी उभी करून बघत राहिला.

"काय करून राह्यली वो सुमे?"

"मोजून राह्यली."

"आता? सही झाल्यावर?" तो हसला. "कावून उन्हात मरतं? घरी ये, जेवून घे. मायनं वरनफळं केली."

"मायले सांग, जेवून आली म्हणून."

"अवो, मोजून का जमीन वाढते काय?"

मॅडमनी टेप गुंडाळली. त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "नाई वाढत. पन चोर दिसते."

तो मोटारसायकलवर बसून निघून गेला. जाताना नाल्यात टाकलेल्या सिमेंटच्या बुटक्या रपट्यावरून गेला आणि तुकड्याच्या पोटातून गेलेल्या कच्च्या वाटेनं धूळ उडवत रस्त्याला लागला. मॅडम त्या वाटेकडे बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. मला तेव्हा वाटलं, त्यांना रडू येतंय. नंतर कळलं, त्या विचार करत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ती सगळी मापं वर्गात फळ्यावर लिहिली. मी व्हरांड्यात होते. त्यांनी सुतळीची आडवी रेषा काढली, वर रस्त्याचा वक्र, खाली नाल्याचा. रस्ता एका समीकरणात बसला. नाला बसेना, त्याचे मुलांनी दोन तुकडे केले. तासभर वर्ग खाली मान घालून सोडवत होता. उत्तर आलं. गुंठ्यांत केल्यावर ते एकराच्या निम्म्याच्याही खाली होतं.

पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, ही जमीन कोणाची आहे?"

मॅडम फळा पुसत होत्या. पुसता पुसताच म्हणाल्या, "एका मूर्ख बाईची." मग वळून, एकदम वऱ्हाडीत, "आता पुढचं गणित घ्या. काय पाह्यता माह्याकडे?"

त्यांनी सरकारी मोजणीसाठी अर्ज केला. मोजणीवाले आले, त्यांनी आपल्या यंत्रानं मोजलं, आणि त्यांचं उत्तर मॅडमच्या उत्तराच्या अगदी जवळ आलं. सगळे म्हणाले, आता कोर्टात जा, फसवणूक आहे. मॅडम म्हणाल्या, "कोर्टात माझं आयुष्य जाईल. त्याची एक दुपारसुद्धा जाणार नाही. मला कमी जमिनीचं दुःख नाही, वैशाली. आहे तेवढी माझी आहे ना? मोजणीवाल्यांनी खुणा गाडून दिल्या ना? बस."

पावसाळा उतरला, आंबिया बहाराची फळं पिवळी पडू लागली, व्यापाऱ्यानं दादाच्या बागेचा सौदा केला, आणि ट्रक यायच्या आठवड्यात मॅडमनी रस्त्याच्या कडेनं या पुलियापासून त्या पुलियापर्यंत काटेरी तार ओढली. दगडी खांब, चार पदरी तार. दादाच्या बागेतून डांबरी रस्त्याला लागायची एकच धड वाट होती, ती रपट्यावरून मॅडमच्या तुकड्यातून. हा तुकडा बहिणीच्या नावावर करताना त्याला वाटलं होतं, बाई अमरावतीला, इथं कोण येतंय? वाट आपलीच. वरचा कोण आणि खालचा कोण, हे त्यानंही पाहिलं नव्हतं.

दादानं वाट मिळावी म्हणून तहसीलात अर्ज केला. पण नकाशावर बागेला मागून जुनी गाडवाट होती. लांबची, दुसऱ्या गावावरून फिरून येणारी, काळ्या मातीची, दिवाळीपर्यंत चिखलानं भरलेली. पण होती. त्यामुळं त्याचं काही चाललं नाही. ट्रक त्या वाटेनं येईनात. ट्रॅक्टरनं थोडा थोडा माल काढावा लागला, तोवर फळ गळायला लागलं, व्यापाऱ्यानं निम्मा सौदा सोडला. गावात बोलबाला झाला. जे मांडवात हसले होते ते आता पारावर बसून दादाला विचारत, "काय हो, बकरी बांधाले जागा नव्हती ना तेथ?"

दिवाळीनंतर दादा बायकोला घेऊन अमरावतीला आला. मी मॅडमकडे पेपर तपासायला बसले होते. उठू लागले तर मॅडम म्हणाल्या, "बस. साक्षीला कुणीतरी पाहिजे."

दादा पलंगाच्या काठावर बसला. चेहरा उतरलेला. "सुमे, बाग जाते माही. सख्ख्या भावाची बाग."

"मग?"

"वाट दे. तू म्हनशीन तसं करतो."

"मांडवात जे बोलला ते त्याच लोकांसमोर परत घे. उभं राहून, मोठ्यानं. मग वाट घे."

वहिनी लगेच म्हणाली, "एवढंच ना? घेतील ना ते." पण दादा उठला होता. त्याचा आवाज चढला. "बाईमानसापुढं गावात मान खाली घालू? बाग गेली तं गेली!"

"जाऊ दे मग," मॅडम म्हणाल्या, आणि लाल पेन उचलून पेपर तपासायला लागल्या. ते दोघं गेले तरी त्यांनी मान वर केली नाही. मी पाहिलं, तोच पेपर त्या पुन्हा पुन्हा तपासत होत्या.

त्या तारेत नंतर त्यांनी एक लहान फाटक बसवलं. माणूस जाईल, मोटारसायकल जाईल, ट्रॅक्टर-ट्रक जाणार नाही एवढं. माय रोज सकाळी रस्त्यापलीकडच्या मारुतीला जायची, तिला फेरा पडत होता म्हणून. फाटकाला कुलूप, आणि चावी मॅडमनी मायच्या हातात दिली. मी होते तेव्हा.

माय म्हणाली, "मले कायले वो हे लचांड? तुमच्या भांडनात मले नोको घालू."

मॅडम म्हणाल्या, "सही घेतली त्या दिवशी तू बाजूले बसली होती, माय. त्यानं तुह्या डोक्यावर हात ठेवला, तू बोलली नाई. आता चावी सांभाळ. आताही बोलू नोको."

माय रडली. मॅडमनी तिच्या कमरेच्या पिशवीत चावी स्वतः सारली. ही मायला दिलेली शिक्षा होती, असं मला तेव्हा वाटलं, थोडी क्रूरच. पण झालं भलतंच. दादाला गावात जायचं तरी मायकडं चावी मागावी लागे. सुनेला दळण आणायचं तरी मायकडं. ज्या घरात म्हातारीला चहा सगळ्यांच्या शेवटी, गार झालेला मिळायचा, तिथं तिला पहिला कप मिळू लागला. तिचं अंथरूण ओसरीतून आतल्या खोलीत आलं. मायलाही गोडी लागली असावी. कधी कधी म्हणे ती मुद्दाम पिशवी चाचपत म्हणायची, "सापडत नाई रे बाप्पा. देवळातून आल्यावर पाह्यतो." आणि दादा फाटकाशी उभा राहायचा. मॅडमना हे कळलं तेव्हा त्या इतक्या हसल्या, की ठसका लागला.

तसे दोन हंगाम गेले. मग एका सकाळी माय झोपेतच गेली. आम्ही पोचलो तेव्हा फाटक सताड उघडं होतं. तिरडीचं सामान आत नेण्यासाठी दादानं मायच्या कमरेची पिशवी सोडून चावी काढून घेतली होती. अजून तिला आंघोळ घातली नव्हती तेव्हाच. हे मॅडमना प्रणितानं सांगितलं.

प्रणिता दादाची थोरली मुलगी. अकोल्याला एका दवाखान्यात नर्स, नवराही तिकडचाच. लग्नाआधी तिचीही हक्कसोडीवर सही घेतली होती दादानं. पोरीनं कागद वाचलाही नव्हता. तिनं हे आजीच्या तेरवीच्या दिवशी, भांडी घासता घासता आत्याला सांगितलं. मॅडम ऐकत होत्या. मधेच त्यांनी विचारलं, "तुला भीती वाटते बापाची?"

"वाटत होती," प्रणिता म्हणाली. "आजीची पिशवी सोडताना पाह्यलं, तेव्हापासून नाई वाटत."

पंगती उठल्यावर मॅडमनी दादाकडून चावी मागून घेतली नाही. फाटकाला त्यांनी नवीन कुलूप घातलं आणि पुढच्याच आठवड्यात वरुडला जाऊन तो अख्खा तुकडा, वाटेसकट, तारेसकट, प्रणिताच्या नावावर बक्षीसपत्र करून दिला. सही करण्याआधी प्रणिताला प्रत्येक पान मोठ्यानं वाचायला लावलं. दुय्यम निबंधकांचे कारकून कंटाळले, मॅडम कंटाळल्या नाहीत. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "मॅडम, तुमच्याजवळ काय राहिलं?"

"माझ्याजवळ कशाला काही पाहिजे? मी त्याची बहीण होते. बहिणीपुढं त्याला वाकता येईना. आता पोरीपुढं वाकू दे."

त्यानंतर मॅडम निवृत्त झाल्या. माझी बदली अकोल्याला झाली आणि आमच्या भेटी कमी झाल्या. फोनवर त्या मोघम बोलायच्या. छातीत दुखतं, जिने चढवत नाहीत. त्यांची माझी शेवटची भेट अकोल्यातच झाली, प्रणिताच्या घरी. संत्र्याच्या दिवसांत त्या तिच्याकडे राहायला आल्या होत्या. मी दुपारी गेले तेव्हा स्वयंपाकघरात पाटावर बसून लसूण सोलत होत्या. फार वाळल्या होत्या. कुकर गॅसवर होता. नुकती माझी विचारपूस चालली होती, तेवढ्यात दार वाजलं.

दादा होता. मॅडमनी मला हातानं खूण केली : गप्प. बाहेरच्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. प्रणितानं पाणी दिलं. दादा इकडचं तिकडचं बोलत राहिला, नातवाचं, पावसाचं, खताचं. मग थांबला. कुकरला शिट्टी धरू लागली. मॅडम हात टेकून उठल्या आणि त्यांनी गॅस बंद केला.

घर एकदम शांत झालं.

"बेटा," दादा म्हणाला, "औंदा माल चांगला हाये. ट्रकाले वाट पाह्यजे होती."

"मागाल तर मिळेल, बाबा."

"मागूनच तं राह्यलो."

"जमीन कमी आहे हे माहीत नसताना आत्याला दिली होती का तुम्ही?"

मॅडम ओट्याला धरून उभ्या होत्या, डोळे मिटून, मान थोडी दाराकडे कललेली.

"मालूम होतं," दादा म्हणाला. आवाज इतका खाली गेला होता, की मी पुढं सरकले. "शपथ घेतली तवाच मालूम होतं मले. आदल्या दिवशी पावलानं मोजून आलो होतो."

प्रणिता म्हणाली, "ठीक आहे. उद्या कुलूप काढीन, फाटकाशेजारची तारही सोडून देईन. हंगाम संपला की परत लावीन. पुढच्या वर्षी पुन्हा या."

दादा उठला. दारापाशी जाऊन रेंगाळला. तिथं मॅडमच्या चपला होत्या; त्यानं त्या पाहिल्या असणार. "ती आली हाये काय?" त्यानं विचारलं. प्रणितानं पाण्याचा पेला उचलल्याचं ऐकू आलं. तो जरा वेळ स्वयंपाकघराच्या पडद्याकडे बघत उभा राहिला असावा. मग चपला घासत जिना उतरल्याचा आवाज आला.

मी मॅडमकडे पाहिलं. जिन्यावरची शेवटची पायरी वाजेपर्यंत त्या तशाच उभ्या होत्या. मग त्यांनी डोळे उघडले, पदरानं तोंड पुसलं, काडी ओढली आणि गॅस पुन्हा पेटवला.

"होऊ दे आता शिट्टी," त्या म्हणाल्या.